दुपारची छत्री

लेकीच्या गावाला तीन दिवस जायचं होतं म्हणून आश्रुबानं तीन दिवसांच्या नऊ गोळ्या निघायच्या आधीच गिळून टाकल्या. पाव्हण्याच्या घरी सारखं पाणी मागून गोळ्या घेत बसणं त्याला बरं दिसत नव्हतं. चकलांब्याची जीप यायच्या आत त्याचे डोळे फिरले आणि स्टँडवरच्या बाकड्यावर तो असा आडवा झाला, की लोकांनी आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास येईना, तेव्हा कुठं सिस्टरना बोलावणं गेलं.

मनकर्णा वाव्हळ सिस्टर मूळच्या सिरसाळ्याच्या. खडकहिवऱ्याच्या उपकेंद्रात त्यांना सहा वर्षं झाली होती. धावत आल्या, आश्रुबाचे पाय बाकड्याच्या पाठीवर टेकवले, बीपी बघितलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि तासाभरानं तो उठून बसल्यावर मगच रागावल्या.

"बाबा, रोज तीन सांगितल्या होत्या ना? सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक?"

"तीन दिसाच्या नऊच व्हत्यात की. एक जास्त घेतली आसंल तर सांगा."

"पण एकदम कावून घेतल्या?"

"पोटात गेल्यावर त्यांच्या त्या वळखतील की, सकाळची कोन आन् रातची कोन."

शेजारी पिशवी घेऊन बसलेली त्याची बायको बायनाबाई पुढे सरकली. ती म्हणाली, "सिस्टर, ह्यांना समजूत न्हाई ते हायेच. पर तुमचं पाकीट बी काय शानं न्हाई. समद्या गोळ्या जोंधळ्यावानी पांढऱ्या. वरून त्यो सूर्व्या काढलाय डोंगरात आर्धा. आता त्यो उगवतोय का बुडतोय, कसं कळावं मान्साला?"

सिस्टरांनी पाकीट हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. सहा वर्षं त्या ही पाकिटं वाटत होत्या. खरंच कळत नव्हतं.

मागच्याच महिन्यात बीडला एक प्रशिक्षण झालं होतं. पडद्यावर चित्रं दाखवत एक मॅडम म्हणाल्या होत्या, की आरोग्याचा निरोप लोकांच्या अंगणातून उचलावा, चित्रं त्यांच्या रोजच्या वस्तूंची असावीत आणि ती त्यांनाच विचारून काढावीत. हॉलमधल्या बाकीच्या मंडळींचं लक्ष बाहेर मांडल्या जाणाऱ्या ताटांकडे होतं. सिस्टरांनी मात्र ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं. त्याच संध्याकाळी त्या वही घेऊन आश्रुबाच्या अंगणात जाऊन बसल्या. आजूबाजूची चार-पाच म्हातारी माणसं जमली.

"मावशी, सकाळ म्हणलं की तुमच्या डोळ्यापुढं काय येतं?"

"च्या," बायनाबाईला विचार करावा लागला नाही.

"आणि दुपार?"

यावर जरा चर्चा झाली. त्या वर्षी पाऊस नव्हता, त्याच्या आदल्या वर्षीही नव्हता. गावातली सगळी जनावरं चारा छावणीवर होती आणि अर्धी माणसं दिवसभर आपापल्या म्हशीजवळ बसून असायची. झाडाला पान नसल्यामुळे सावली घरून न्यावी लागायची. आश्रुबा म्हणाला, "छत्री. छत्री उघडली की दुपार, मिटली की दुपार सरली."

"आणि रात्र?"

"कंदील," तिघं-चौघं एकदम म्हणाले. "लाईट कुठं ऱ्हाती रातची?"

सिस्टरांनी गेवराईहून तीन रबरी शिक्के करून आणले. कोऱ्या खाकी पाकिटांवर निळ्या शाईनं एकावर कपबशी, एकावर छत्री, एकावर कंदील उमटवला आणि अडतीस पेशंटांच्या गोळ्या त्यात भरून वाटल्या. कुणाला दोनच वेळा गोळी असायची, त्याला दोनच पाकिटं. महिनाभरात चमत्कार झाल्यासारखं झालं. आश्रुबाचं बीपी खाली आलं, शुगर खाली आली. बायनाबाई छावणीवर बसून शेजारणीला विचारायला लागली, "तुजी छत्री झाली का गं?"

या अडतीस पेशंटांत एक पेशंट वेगळा होता. कडूबाई नावाच्या बाई डोक्यावर पदर घेऊन गर्दी नसताना यायच्या आणि "घरातल्या मान्साच्या" गोळ्या न्यायच्या. घरातलं माणूस म्हणजे मोहनराव, दूध संस्थेचे चेअरमन. एका दुपारी सिस्टरांनी त्यांच्या घरी मागच्या दारानं जाऊन बीपी मोजलं होतं. पारा एकशेनव्वदवर गेला होता. मोहनरावांनी शर्टाची बाही खाली करत सांगितलं होतं, "सिस्टर, हे या चार भिंतीतच ऱ्हाऊ द्या. चेअरमनला चक्कर येती म्हनलं की उद्या धा जन खुर्चीला हात लावून बघत्येत."

"पेशंटचं नाव आम्ही कुणाला सांगत नसतो, अण्णा. गोळ्या तेवढ्या चुकवू नका."

"त्याची फिकीर न्हाई. ही हाय ना," असं म्हणून त्यांनी कडूबाईंकडे बोट दाखवलं होतं.

आणि मग दूध संस्थेची निवडणूक लागली.

परगावच्या माणसाला वाटलं असतं, दुष्काळात दूध संस्थेची कसली निवडणूक? दूध तर पार आटलं होतं. पण संस्था कधी नव्हे इतकी तापली होती, कारण छावणी संस्थेची होती. कुणाच्या दावणीला उसाचं वाढं किती पडायचं, कुणाची म्हैस छपराखाली आणि कुणाची उन्हात, हे चेअरमन ठरवायचा. त्यामुळे तेरा जागांसाठी मोहनरावांचं एक पॅनल उभं राहिलं, सुंदररावांचं दुसरं. शिवाय गहिनीनाथ नावाचा एक पंक्चरवाला अपक्ष होता. त्याच्या दोन गाई होत्या, म्हणून सभासद. मित्रांनी पैज लावली म्हणून त्यानं अर्ज भरला होता आणि मागे घ्यायला निघाला त्या दिवशी जीप चुकली.

गेवराईला चिन्हवाटप झालं. मोहनरावांच्या पॅनलला कपबशी मिळाली, सुंदररावांच्या पॅनलला छत्री. उरलेल्या यादीवर गहिनीनाथनं डोळे मिटून बोट ठेवलं, ते कंदिलावर पडलं.

संध्याकाळी सुंदररावांचे कार्यकर्ते छत्रीची पत्रकं घेऊन घरोघर निघाले. पहिल्याच घरी कोनाड्यात त्यांना शिक्का मारलेली कपबशी दिसली. दुसऱ्या घरी दिसली. तिसऱ्या घरी तर म्हातारीनं ती छातीशी धरली होती. "आयला, यांचा परचार महिन्यापासून चालू हाय बे!" एक जण म्हणाला. त्याच वेळी दुसऱ्या गल्लीत मोहनरावांच्या कार्यकर्त्यांना तसल्याच कोनाड्यांत छत्र्या दिसत होत्या. दोन्ही बाजूंना आपलं चिन्ह दिसलंच नाही, समोरच्याचंच दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून गावात चहा पिणंसुद्धा अवघड झालं. सुंदररावांची माणसं हॉटेलात काचेच्या ग्लासातून चहा मागू लागली. मोहनरावांची माणसं त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात डोक्याला टॉवेल गुंडाळून छावणीवर बसू लागली, पण छत्री उघडेनात. इथपर्यंत सिस्टरांना काही त्रास नव्हता. त्रास आठव्या दिवशी सुरू झाला, जेव्हा त्यांनी आश्रुबाची शुगर तपासली. ती तीनशेच्या वर होती. बीपी मात्र उत्तम.

"बाबा, गोळ्या घेता ना?"

"घेतो की. रोज सकाळी, कपबशी."

"आणि छत्री?"

आश्रुबानं आजूबाजूला पाहून आवाज खाली घेतला. "सिस्टर, म्या मोहनअण्णाचा मानूस हाय. माझी म्हस छपराखाली हाय ती त्यांच्यामुळं. म्या छत्री कशी घेऊ? शेजारपाजारचे बघत्येत. आन् कंदील तर त्या पंक्चरवाल्याचा."

"मग त्या गोळ्या कुठंयत?"

"उकिरड्यावर. इमानदारीत सांगतो, एकबी घेतली न्हाई."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला आणि बायनाबाईकडे वळल्या. तिचं बीपी बघितलं तर ते आश्रुबाच्या शुगरइतकं नाही, पण त्या दिशेनं निघालेलं. बायनाबाईचं माहेर सुंदररावांच्या भावकीतलं होतं. तिनं सांगून टाकलं, "म्या कपबशीला हात लावनार न्हाई. छत्री तेवढी येळच्या येळी घेते."

"अहो मावशी, बीपीची गोळी कपबशीत हाय!"

"मग ती छत्रीत घाला."

एका घरात नवराबायकोची दोन पॅनलं, आणि दोघांचं मिळून एक औषध पुरं होत होतं. सिस्टर घरोघर फिरल्या. अडतिसातली निम्मी माणसं असंच काहीतरी करत होती. काहींनी दोन्ही गटांशी वाकडं नको म्हणून सगळ्याच गोळ्या बंद केल्या होत्या. एका आजोबांनी कपबशीच्या गोळ्या छत्रीत आणि छत्रीच्या कपबशीत भरून आपला बंदोबस्त केला होता. सिस्टर प्रत्येक अंगणात उभ्या राहून घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होत्या, "तिन्ही घ्यायच्या! एकही चुकवायची नाही! कपबशी, छत्री, कंदील!" आणि मागं उभी असलेली कार्यकर्त्यांची पोरं त्यातलं आपापल्या विरोधी चिन्हाचं नाव ऐकून तोंडं वाकडी करत होती.

दोन लेखी तक्रारी एकाच दिवशी निवडणूक अधिकाऱ्यांकडे गेल्या. सुंदररावांनी लिहिलं, की शासकीय कर्मचारी कपबशीचा प्रचार करतात. मोहनरावांनी लिहिलं, की शासकीय कर्मचारी छत्रीचा प्रचार करतात. तक्रारींची एक-एक प्रत आरोग्य केंद्रालाही गेली आणि तिथून सिस्टरांना चिठ्ठी आली, की तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा निलंबनाचा प्रस्ताव पाठवण्यात येईल.

निवडणूक अधिकारी राधाकिशन मुळे जीपमधून आले. माणूस पन्नाशीचा, सरळ, नियमाबाहेर शिंकणारसुद्धा नाही असा. उपकेंद्राच्या ओट्यावर बसून त्यांनी सिस्टरांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचा हेतू चांगला असेल, बाई. पण मी हेतू जप्त करू शकत नाही आणि सोडूनही देऊ शकत नाही. पाकिटं मात्र जप्त करावी लागतील. चित्र बदला."

"कुठलं काढू, साहेब? लोकांना रोजच्या वस्तूच कळतात."

साहेबांनी चिन्हांची यादी पुढे केली. सिस्टरांनी बोट फिरवत वाचली. बादली, पंखा, शिट्टी, कुलूप, चष्मा, शिलाई मशीन, खाट, ट्रॅक्टर, नारळ, गॅसची शेगडी. माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत ज्याला हात लावतो, ते ते सगळं त्या यादीत होतं. ज्यावर झोपतो तेही होतं.

बायनाबाई दाराशी बसून ऐकत होती. सिस्टरांनी तिला विचारलं, "मावशी, टँकर चालंल का? टँकर यादीत न्हाई."

"टँकर आल्यावर गोळी घ्यायची? महिन्यात चार होत्याल."

"जनावरं यादीत नसतात," साहेबांनी सुचवलं. "कोंबडा, म्हैस, असं काहीतरी..."

"म्हस काढू नका साहेब," बायनाबाई म्हणाली. "आमचं ध्यान गोळी न्हेऊन म्हशीला चारंल."

साहेबांनी यादी घडी करून खिशात ठेवली. उद्या दुपारी बारा वाजता संस्थेच्या पटांगणात सगळी पाकिटं हजर करावीत, दोन्ही पॅनलच्या समक्ष मोजणी होईल, एकही पाकीट बाहेर राहता कामा नये, असा त्यांनी हुकूम दिला. सिस्टर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून गोणपाटाची पिशवी घेऊन फिरल्या. गोळ्या प्रत्येकाला वहीच्या कागदाच्या पुड्यांत बांधून दिल्या आणि पाकिटं गोळा केली. सदतीस घरं झाली. अडतिसावं घर मोहनरावांचं. तिथं त्या दोनदा गेल्या. दोन्ही वेळा ओसरीवर पंचवीस-तीस कार्यकर्ते जेवत होते. त्यांच्यादेखत "अण्णांच्या गोळ्यांची पाकिटं द्या" म्हणणं शक्य नव्हतं. दुसऱ्या वेळी मोहनराव स्वतः पुढे येऊन मोठ्यांदा म्हणाले, "काय सिस्टर? इथं तुमच्या छत्र्या सापडायच्या न्हाईत!" कार्यकर्ते हसले. सिस्टर परत फिरल्या.

बाराला पटांगण भरलं होतं. सावलीला फक्त संस्थेच्या पत्र्याची पडवी होती, तिच्यात साहेबांचं टेबल. एका बाजूला मोहनराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, दुसऱ्या बाजूला सुंदरराव. साहेबांनी पाकिटं मोजली.

"पेशंट किती, बाई?"

"अडतीस."

"पाकिटं सदतिसांची. एकाची कुठं आहेत?"

सिस्टरांनी रिकामी गोणपाटाची पिशवी घडी करायला घेतली.

सुंदरराव उठले. "साहेब, बघा! हीच ती भानगड! ठिवली आसतील कपबशीवाल्याच्या घरात लपवून."

"तोंड सांभाळून बोला," मोहनराव कडाडले. "साहेब, त्यांना नाव विचारा. कोन हाय ह्यो आडतिसावा? गावाला कळू द्या!"

सिस्टरांनी मोहनरावांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरा संताप होता. आपणच तो अडतिसावा, हे अण्णांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते स्वतःला पेशंट समजतच नव्हते. कडूबाई काहीतरी हातावर ठेवायच्या, ते पाण्याबरोबर घ्यायचे, इतकाच त्यांचा त्या गोष्टीशी संबंध होता. पाकीट त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"बाई, रजिस्टर द्या," साहेब म्हणाले.

सिस्टरांनी रजिस्टर दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "साहेब, रजिस्टर दवाखान्याचं हाय. पेशंटचं नाव दुसऱ्याला दाखवता येत नाही. पाहिजे तर माझ्यावर लिहा. मी सही करते."

"तुमची नोकरी जाईल, बाई."

"कळतंय मला." रजिस्टर हललं नाही.

"नाव पाह्यजेच!" मोहनरावांनी टेबलावर हात आपटला. "असल्या लपवाछपवीनं संस्था चालत न्हाई! कोन हाय त्यो, मर्द आसंल तर पुढं यील!"

नेमक्या त्या वेळी गर्दी दुभंगली. डोक्यावर पदर, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात खाकी पाकीट अशा कडूबाई सरळ चालत पडवीत आल्या. त्यांना सभा दिसत नव्हती, साहेब दिसत नव्हते. त्यांना फक्त दुपार झालेली दिसत होती.

"आवो," त्या म्हणाल्या, "किती येळ वाट बघायची? जेवून तसंच उठून आलात. तुमची छत्री राह्यली."

मागचे लोक टाचा उंच करून बघू लागले.

"काय राह्यली?" सुंदररावांनी अगदी हळू विचारलं.

"छत्री," कडूबाईंनी पाकीट वर धरून दाखवलं, म्हणजे लांबच्यांनाही दिसावी. "सकाळची कपबशी झाली. रातच्याला कंदील हाय." आणि गोळी मोहनरावांच्या हातावर ठेवून त्या तांब्या पुढे करून उभ्या राहिल्या.

मोहनराव हातावरच्या गोळीकडे पाहत राहिले. मग पाकिटाकडे. मग त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. रजिस्टर अजून त्यांच्या छातीशीच होतं. अण्णांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, तो सगळ्या पटांगणानं पाहिला.

"घ्या की," कडूबाई म्हणाल्या. "एकबी चुकवायची न्हाई म्हनून सांगितलंय सिस्टरनी."

मोहनरावांनी गोळी तोंडात टाकली, तांब्या वर केला, घटाघटा पाणी प्याले.

"अण्णानं छत्री घेतली!" सुंदररावांच्या बाजूनं आरोळी उठली. शिट्ट्या झाल्या, टॉवेल उडाले. कपबशीच्या पॅनलमधले दोन उमेदवार एकमेकांच्या कानात बोलले आणि गर्दीतून मागे मागे सरकू लागले. कुणीतरी शेजारच्या गावी, उमापूरला, फोन लावला, की चेअरमन छत्रीत गेले. मोहनरावांच्या हे सगळं लक्षात आलं आणि त्यांनी असा आवाज काढला, की उन्हात बांधलेल्या म्हशींनी माना वळवल्या.

"आरं, म्या कपबशीबी घेतो! छत्रीबी घेतो! कंदीलबी घेतो! माझं बीपी एकशेनव्वद हाय, लिहून घ्या साहेब! त्यो आडतिसावा म्या हाय! ह्या बाईनं नोकरीवर पानी सोडलं आसतं पर नाव सांगितलं न्हाई, आन् म्या इथं छाती बडवतोय! बसा खाली समदे!"

सगळे बसले. एकटा आश्रुबा उठून उभा राहिला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"अण्णा, तुमी छत्री घेता?"

"घेतो. डाक्टरी इलाज हाय त्यो."

"आन् म्या तुमच्यापायी आठ दिस छत्री उकिरड्यावर टाकतोय! शुगर तीनशे झाली माझी! एका शबदानं सांगायचं तरी व्हतं!"

मोहनरावांनी तांब्या कडूबाईंच्या हातात परत दिला. सुंदरराव मिशीत हसत होते, तेवढ्यात बायनाबाई आपल्या जागेवरूनच त्यांना म्हणाली, "तुमी काय हसताव? म्या तुमच्यापायी कपबशी सोडली. उद्या पडले म्हंजे तुमी येनार हाव का उचलायला?" सुंदररावांनी मिशी सोडून दिली.

राधाकिशन मुळ्यांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी आदेश लिहिला आणि उभं राहून वाचून दाखवला. पाकिटांवर निवडणुकीतली तिन्ही चिन्हं असल्यामुळे कुण्या एकाचा प्रचार होतो असं म्हणता येत नाही. सबब पाकिटं परत देण्यात यावीत. परंतु समानता राखण्यासाठी प्रत्येक पेशंटाला तिन्ही पाकिटं, एकाच मापाची, एकाच शाईची, एकाच वेळी द्यावीत.

"साहेब, काहींना दोनच वेळा गोळी हाय," सिस्टर म्हणाल्या. "रात्रीची नसते."

"मग तिसरं रिकामं द्या. पण द्या. नाहीतर अपक्ष उमेदवारावर अन्याय होईल."

जीपमध्ये बसण्याआधी साहेब पुन्हा ओट्यावर आले, बाही वर केली आणि इकडेतिकडे पाहत म्हणाले, "माझंही जरा बघता का? सकाळपासून डोकं धरलंय." एकशेसत्तर निघालं. गोळ्या त्यांनी घेतल्या, पण कोणत्याच चित्राचं पाकीट मात्र घेतलं नाही, मतदान होईपर्यंत. वहीच्या कागदात बांधून नेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्रापुढे रांग लागली. अण्णा पक्ष बदलून गेले नाहीत, हे सिद्ध करायला त्यांची सगळी माणसं तिन्ही पाकिटं मागायला आली होती. ती आली म्हणून सुंदररावांची आली, कारण कपबशीवाल्यांना काहीतरी मिळतंय आणि आपल्याला नाही, हे त्यांना बघवेना. सिस्टरांनी स्पष्ट सांगितलं, तपासल्याशिवाय पाकीट नाही. तीन दिवस त्या बीपी मोजत होत्या. ज्यांना आपल्याला काही झालंय याचा पत्ताच नव्हता, असे सत्तावीस नवे पेशंट निघाले. त्यांत सुंदररावही होते. ते पाठीमागच्या दारानं आले नाहीत, रांगेत उभे राहून आले, कारण अण्णांचं उघड झाल्यावर लपवण्यात काही फायदा उरला नव्हता. निलंबनाचा प्रस्ताव कुठं गेला ते कळलं नाही. त्याऐवजी आरोग्य केंद्रातून नवी चिठ्ठी आली, की एवढ्या गोळ्या तुम्हाला लागतातच कशा, याचा खुलासा करावा. ही चिठ्ठी सिस्टरांनी आनंदानं वाचली.

मतदान झालं, मतमोजणी झाली. कपबशीला सहा जागा मिळाल्या, छत्रीला सहा. तेरावी जागा गहिनीनाथ पंक्चरवाल्याला मिळाली. त्यानं एकही पत्रक छापलं नव्हतं. पण सरकारी आदेशानं घराघरात कंदील पोचला होता, आणि रात्री झोपताना जे पाकीट हातात घ्यायचं, ते कुठल्याच भांडणातलं नव्हतं. प्रत्येकाला तेरा मतं होती; कपबशीवाल्यांनी आपल्यातल्या नावडत्या उमेदवाराचं मत छत्रीला जाऊ नये म्हणून कंदिलाला दिलं. छत्रीवाल्यांनीही तेच केलं. सहा आणि सहा भांडत बसले, आणि चार दिवसांनी दोघांनीही एकमेकांना खुर्ची मिळू नये म्हणून गहिनीनाथला चेअरमन केलं.

महिन्याभरानं एका दुपारी चेअरमन गहिनीनाथ उपकेंद्रात आला. अंगात नवा पांढरा शर्ट होता, डोळे खोल गेलेले.

"सिस्टर, झोपच येईना बघा. छपराखाली एक म्हस घेतली की सहा जन उठत्येत. बाहेर काढली की दुसरे सहा. काल संस्थेच्या पायरीवर भवंडल्यासारखं झालं."

सिस्टरांनी पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा बघितला आणि दोन पाकिटं भरली. "सकाळी कपबशी. दुपारी जेवल्यावर छत्री. दोन्ही रोजच्या रोज."

"आन् कंदील?"

"तुम्हाला रात्रीची गोळी नाही. कंदील रिकामा हाय तुमचा."

गहिनीनाथनं मान हलवली. दोन्ही पाकिटं एका खिशात ठेवून पाहिली, मग काढून एक डाव्या खिशात आणि एक उजव्या खिशात नीट ठेवली.

"दोन्ही सांभाळूनच घ्यावं लागतंय मला, सिस्टर. एक जरी चुकली ना, तर खुर्चीवरून पडंन."

"चक्कर येऊन?" सिस्टरांनी विचारलं.

"कसंबी," गहिनीनाथ म्हणाला, आणि उन्हात उतरायच्या आधी त्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोण उभं आहे ते बघून घेतलं.